पैसे भरून लेखक होऊ नका

"पुस्तक काढायला किती खर्च येतो?" नव्यानं लिहिणारी मंडळी आता पहिला प्रश्न हाच विचारतात. मी एका छोट्या दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचतो. पावसाळ्यात कथा येऊ लागल्या की लिहिणाऱ्यांचे फोनही येतात. कथेबद्दल दोन वाक्यं बोलून होतात आणि गाडी खर्चावर येते. पहिलं पुस्तक लेखकानं स्वतःच्या खिशातून छापायचं असतं आणि ते छापून देतो त्याला प्रकाशक म्हणायचं, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. लिहिणारा बहुधा पंचविशी-तिशीतला. कधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, कधी एमआयडीसीत कंत्राटी कामगार, कधी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. त्यासाठी लागणारी रक्कम त्याच्याकडे नसते, तरी तो ती उसनवारी करून उभी करायला तयार असतो. मला याचा राग येतो, आणि तो राग त्या मुलांवर नाही.

एका तरुण कवीनं मला एका संस्थेकडून आलेलं दरपत्रक दाखवलं होतं. डेमी आकार, 96 पानं, 70 जीएसएम कागद, चाररंगी मुखपृष्ठ, परफेक्ट बाइंडिंग, 300 प्रती. इथवर ते कुठल्याही छापखान्याच्या दरपत्रकासारखं होतं. पुढची कलमं बघा: आयएसबीएन म्हणजे पुस्तकाची ओळख सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, कॉपीराइट, ऑनलाइन विक्रीची सोय, प्रकाशन समारंभासाठी सहकार्य, पुरस्कारांसाठी पुस्तक पाठवणं. प्रत्येकापुढे रक्कम. संपादन हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता, आणि खाली बारीक टायपात लिहिलेलं होतं की मुद्रितशोधनाची जबाबदारी लेखकाची राहील. एखाद्या कवितेत काय चुकलं, कुठली कविता संग्रहात नको, हे सांगणारा माणूसच त्या व्यवहारात नव्हता.

त्यातल्या दोन कलमांबद्दल प्रत्येक नव्या लेखकाला माहीत असायला हवं. आयएसबीएन क्रमांक भारतात केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळतो आणि त्याला शुल्क नाही. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही तो अर्ज करून मिळू शकतो. कॉपीराइट तर विकत घेण्याची वस्तूच नाही. 1957 च्या कायद्यानुसार तुम्ही कविता लिहिली त्या क्षणी तिचा हक्क तुमचा झाला. नोंदणी ऐच्छिक आहे, ती केली नाही म्हणून हक्क जात नाही. म्हणजे जे फुकट आहे आणि जे आधीच लेखकाचं आहे, त्याचेही पैसे लेखकाकडून घेतले जातात.

पण या व्यवहाराचा खरा दोष रकमेत नाही. ज्याचा पैसा अडकतो तो पुस्तक वाचतो, ही प्रकाशनातली साधी गोष्ट आहे. प्रकाशक स्वतःचा पैसा घालतो तेव्हा हस्तलिखित दोनदा वाचतो, दुसऱ्याला वाचायला देतो, शंभर शंका काढतो, मुखपृष्ठावर भांडतो आणि पुस्तक निघाल्यावर ते दुकानात, ग्रंथालयात, प्रदर्शनात पोचावं म्हणून धडपडतो, कारण विकलं नाही तर नुकसान त्याचं आहे. लेखकानं आधीच सगळी रक्कम भरली की प्रकाशकाचा नफा पुस्तक छापण्यापूर्वीच झालेला असतो. त्यानंतर ते कुणी वाचलं काय आणि नाही वाचलं काय, त्याचं काही बिघडत नाही. वाचक हा माणूसच त्या हिशेबातून बाद होतो. 300 प्रतींपैकी बहुतेक प्रती टेम्पोनं लेखकाच्या घरी येतात. मित्र, नातेवाईक, मुख्याध्यापक, आमदार यांना सही करून दिल्या जातात. उरलेले गठ्ठे माळ्यावर जातात. आणि मग, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे, लेखन थांबतं. पुस्तक आलं, समारंभ झाला, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि त्यानंतर कुणी काहीच बोललं नाही. त्या शांततेचा अर्थ लेखक असा लावतो की आपल्यात काही नव्हतंच. खरं तर त्याचं लेखन कुणी वाचलेलंच नसतं.

स्वखर्चानं पुस्तक काढण्यात कमीपणा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मराठीत त्याची परंपरा मोठी आणि मानाची आहे. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या सरकारी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं आणि कमिटीनं ते नाकारलं. कमिटीचा कौल त्यांनी शेवटचा मानला नाही. लिहीत राहिले, छापत राहिले. शंभर वर्षांनी, 1950 च्या दशकात, मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. त्यामागून आलेल्या लघुनियतकालिकांनी, म्हणजे लेखकांनी स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांनी, मराठी कवितेची आणि गद्याची भाषा बदलून टाकली. या माणसांनीही पदरमोड केली. पण ते मालक होते. काय छापायचं, कसं छापायचं, कुणाच्या हातात द्यायचं, हे त्यांनी ठरवलं.

म्हणून ज्याला पैसा घालायचाच आहे त्यानं मालक म्हणून घालावा. छापखान्याकडून थेट दरपत्रक घ्यावं. मजकूर तपासायला चांगला मुद्रितशोधक पैसे देऊन नेमावा, शक्य असेल तर संपादकही. आयएसबीएन स्वतःच्या नावावर घ्यावा. सगळ्या प्रती आणि सगळे हक्क स्वतःकडे ठेवावेत आणि पुस्तकावर प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव घालावं. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि कायद्यानं ठरवलेल्या इतर ग्रंथालयांत प्रती पाठवाव्यात, म्हणजे पुस्तकाची नोंद राहते. मराठीत प्रकाशनपूर्व सवलतीत प्रती नोंदवून घ्यायची जुनी पद्धत आहे, ती लेखकालाही वापरता येते. शंभर माणसांनी आधी पैसे भरून प्रत नोंदवली तर निदान शंभर वाचक आहेत हे तरी कळतं. ई-बुक काढायचं तर किंडलवर मराठी पुस्तक लेखकाला स्वतः चढवता येतं. यातल्या कशातही लेखक कुणाचं गिऱ्हाईक होत नाही.

आता यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. जुन्या मान्यवर मासिकांची आणि प्रकाशकांची दारं मोजक्या शहरांतल्या, मोजक्या जातींच्या, मोजकी भाषा बोलणाऱ्या लोकांसाठीच उघडी होती, मग पैसे भरून का होईना, सगळ्यांना पुस्तक काढता येऊ लागलं तर त्यात वाईट काय? दारं अरुंद होती हे खरंच आहे. 'सत्यकथा', असंच एक जुनं मान्यवर मासिक, 1982 मध्ये बंद पडली. तिच्या संपादकांनी, विशेषतः श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी, लेखकांवर घेतलेले कष्ट मोठे होते. पण तिच्याविरुद्ध बंड का झालं, 1969 मध्ये तिचा अंक का जाळला गेला, हेही विसरता येत नाही.

मात्र ज्यांना त्या दारातून आत घेतलं गेलं नाही त्यांनी पुढे काय केलं, ते नीट बघितलं पाहिजे. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं. त्यांनी लेखक-वाचक मेळावे भरवले, गावोगावच्या दलित तरुणांचं लेखन वाचलं, छापलं, त्यांना एकमेकांसमोर बसवलं. दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ उभी केली. दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये आणि लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 मध्ये, ही आत्मकथनं ग्रंथालीनं काढली. या पुस्तकांनी महाराष्ट्र हादरला, कारण त्यांच्यामागे वाचक उभे करणारी यंत्रणा होती. म्हणजे ज्यांना नाकारलं गेलं त्यांनी स्वतःचे संपादक घडवले आणि स्वतःचा वाचक शोधला. पैसे भरून काढलेल्या पुस्तकाला या दोन्हींतलं काहीच मिळत नाही. ज्या मुलाच्या घराण्यात कुणी पुस्तक लिहिलं नाही, ज्याला पुण्यात-मुंबईत ओळखीचं कुणी नाही, त्यालाच संपादकाची गरज सगळ्यांत जास्त आहे. आणि नेमकं त्यालाच हे दरपत्रक पाठवलं जातं.

संपादक करतो तरी काय? आमच्या अंकासाठी ऊसतोडीच्या फडावर वाढलेल्या एका मुलीची कथा आली होती. पहिली दोन पानं सूर्योदयाची होती: तांबूस क्षितिज, दवबिंदू, पाखरांचा किलबिलाट. शाळेच्या निबंधात जे चांगलं म्हणून शिकवलं गेलं ते तिनं इमानदारीनं लिहिलं होतं. तिसऱ्या पानावर एक वाक्य आलं. मुकादमानं वहीत बापाच्या नावापुढे एक कोयता लिहिला, आईचं नाव वहीत नव्हतंच. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्यावर दिली जाते. मी ते वाक्य अधोरेखित केलं, वरची दोन पानं पेन्सिलनं खोडली आणि तिला लिहिलं की कथा इथून सुरू होते. ती नाराज झाली. दोन पानांवर तिनं फार मेहनत घेतली होती. बऱ्याच दिवसांनी तिनं कथा नव्यानं लिहून पाठवली, आणि या वेळी ती वही सगळ्या कथेत फिरत होती: कुणाची उचल फिटली, कुणाची पुढच्या वर्षावर गेली, कुणाचं नाव कुठे आहे. दिवाळी अंकात कथेखाली लेखकाचा मोबाइल क्रमांक छापतात. तिला बीड आणि परभणीकडून फोन आले. त्यातला एक मुकादमी केलेल्या माणसाचा होता, आणि वही अशीच असते एवढं तो म्हणाला. मानधन किरकोळ होतं. पण आता तिला माहीत आहे की तिचं कुठलं वाक्य लोकांपर्यंत पोचतं. दरपत्रक पाठवणाऱ्या संस्थेनं ती कथा सूर्योदयासकट छापली असती.

म्हणून माझं नव्या लेखकांना सांगणं आहे की पुस्तकाची घाई करू नका, आधी नियतकालिकांत लिहा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंक ही मराठीतली नव्या लेखकासाठी सगळ्यांत मोठी खुली जागा आहे. अंक गणपतीच्या सुमारास छापखान्याच्या वाटेला लागतात, तेव्हा कथा जून-जुलैत पोचली पाहिजे. सप्टेंबरात पाठवलेली चांगली कथाही पुष्कळदा वाचलीच जात नाही. धुळ्यातून 1985 मध्ये सुरू झालेलं 'कवितारती' केवळ कवितेला वाहिलेलं आहे. 'अनुष्टुभ', 'मुक्त शब्द', 'साधना' यांची नावं कुणालाही ठाऊक असतात. मुलांसाठी लिहिणाऱ्याला बालभारतीचं 'किशोर' आहे. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचं 'पंचधारा' आहे, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यालाही जागा आहे. मात्र पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे दोन-तीन अंक विकत घेऊन वाचा. जो अंक तुम्ही कधी वाचला नाही त्यात तुमची कथा बसते का, हे तुम्हाला कळणार कसं?

पाठवण्याची रीतही सांगतो, कारण चांगलं लेखन निव्वळ बेशिस्तीमुळे बाजूला पडताना मी पाहिलं आहे. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांनी कथा पाठवू नका. एकाच ईमेलवर दहा संपादकांचे पत्ते टाकून ती सगळ्यांना दिसेल अशी तर मुळीच नको. युनिकोडमध्ये टाइप करा, आणि वर्डच्या फाइलबरोबर पीडीएफही जोडा. काही ठिकाणी अजून जुन्या फॉन्टमध्ये पानं लावतात, रूपांतर करताना रफार उडतात, जोडाक्षरं तुटतात, आणि मूळ काय होतं ते पीडीएफ बघूनच कळतं. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन आणि शब्दसंख्या. सोबतच्या पत्रात चार ओळी पुरेत. कथेचा आशय पत्रात सांगू नका, मिळालेल्या प्रमाणपत्रांची यादी देऊ नका. दोन-तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर एकदा विनम्रपणे विचारा, आणि मग कथा दुसरीकडे पाठवा. नकार आला तर त्यात कारण दिलं आहे का पाहा. कारण देणारा संपादक तुमचा आहे, त्याला पुढची कथा आवर्जून पाठवा.

सात-आठ कथा किंवा तीस-चाळीस कविता अशा वाचल्या गेल्या, काही छापल्या गेल्या, म्हणजे पुस्तकाचा विचार करायला हरकत नाही. तेव्हा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना जरूर बघा. पहिल्या पुस्तकासाठीच ती आहे. अलीकडे मंडळ साधारण जानेवारीत हस्तलिखितं मागवतं, आणि निवड झाली तर प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. खेड्यापाड्यातल्या कितीतरी लिहिणाऱ्यांना ही योजना ठाऊक नसते, हे मला दर वर्षी जाणवतं. प्रकाशकांकडे जाताना त्यांनी आधी काय काढलं आहे ते बघून जा. अनुवाद आणि चरित्रं काढणाऱ्याकडे कवितासंग्रह नेण्यात दोघांचाही वेळ जातो.

आणि करार लेखी करा. कॉपीराइट कायद्याच्या 19 व्या कलमानुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला असावा लागतो. कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. ज्याला हक्क दिले त्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते लेखकाकडे परत येतात. 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' असं छापील वाक्य दिसलं तर थांबा. छापील पुस्तकाचे हक्क दिले म्हणून ऑडिओ, ई-बुक, अनुवाद, चित्रपट हे सगळं त्याच सहीत देऊन टाकायचं कारण नाही. मराठीत रॉयल्टी साधारण 10 टक्के मिळते. 200 रुपयांच्या पुस्तकाच्या 500 प्रती विकल्या गेल्या तर 10 हजार रुपये. यावर कुणाचं घर चालत नाही. पण लेखकाकडे येणारे 10 हजार आणि पुस्तक छापून घ्यायला लेखकाकडून जाणारे 40 हजार यांत जो फरक आहे तो लेखकाच्या इभ्रतीचा आहे.

हे सगळं लेखकांना सांगून झालं तरी अर्धं काम उरतं आणि ते लेखकांच्या हातात नाही. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचे सोहळे झाले. पण नवी कथा वाचून लेखकाला पत्र लिहिणारी नियतकालिकं एकेक करून बंद पडत असतील तर या भाषेत पुढची पिढी लिहिणार कुठे? साहित्य संस्कृती मंडळ वाङ्मयीन नियतकालिकांना अनुदान देतं, ते वाढवलं पाहिजे आणि त्याला दोन अटी जोडल्या पाहिजेत: अंकातली काही पानं ज्यांचं पुस्तक आलेलं नाही अशांसाठी राखावीत, आणि छापलेल्या प्रत्येक मजकुराचं मानधन लेखकाला द्यावं. महाराष्ट्रात 11 हजारांच्या आसपास शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांतल्या निम्म्यांनी जरी एका वाङ्मयीन मासिकाची वर्गणी नियमित भरली, तरी ते मासिक एका संपादकाला पूर्णवेळ पगारावर ठेवू शकेल. आज आमच्यासारखे लोक नोकरी सांभाळून रात्री कथा वाचतात, आणि त्यामुळे अनेकांना उत्तरच जात नाही. उत्तर येत नाही ही लेखकांची तक्रार रास्त आहे.

प्रकाशकांनीही आपली बाजू उघड करावी. आम्ही नव्या लेखकांची हस्तलिखितं स्वीकारतो की नाही, किती महिन्यांत उत्तर देतो, आणि लेखकाकडून पैसे घेतो का, या तीन गोष्टी प्रत्येक प्रकाशकानं आपल्या संकेतस्थळावर आणि सूचीत लिहाव्यात. जे पैसे घेतात त्यांनी स्वतःला मुद्रणसेवा म्हणावं, त्यात कमीपणा नाही. मराठी प्रकाशकांच्या संघटनांनी हा नियम आपल्या सभासदांना लावला, तर पुढच्या वर्षी फोन करणाऱ्या मुलाला खर्चाआधी कथेबद्दल विचारावंसं वाटेल.